फांदीला फांदी: भीमाशंकरात शेकरामागे तीन दिवस

निघण्याआधी

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात एका खारीने संसार थाटला. आईच्या जुन्या गोधडीतला कापूस, नारळाची शेंडी, दोरीचे सुटलेले धागे, असं काय काय तोंडात धरून ती जाळीतून आत यायची. फॅन लावायचा नाही, असं आईने घरात सगळ्यांना बजावलं. फोडणीच्या धुराने डोळे चुरचुरले तरी चालतील, पण बटणाला हात लागता कामा नये. दोन महिने आम्ही ते पाळलं. तीन पिल्लं झाली. जन्मली तेव्हा अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, रंग तांबूस गुलाबी. सगळ्यात धाकटा प्रेक्षक होता माझा अकरा वर्षांचा भाचा. शाळेतून आला की दप्तर टाकून तो स्टुलावर चढून बसायचा.

आजी त्याला गोष्ट सांगायची, सेतू बांधताना खारीने वाळू वाहिली आणि रामाने तिच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली. भाच्याने खरोखर पट्टे मोजले. पाठीवर तीन ठळक पट्टे होतेच. पण ती जाळीवर आडवी झाली तेव्हा दोन्ही कुशींवर, पोटाच्या जरा वर, एकेक फिकट पट्टा आणखी दिसला. एकूण पाच. महाराष्ट्रातल्या गावा-शहरांत आपल्या अंगणात येते ती बहुतेक हीच पाच पट्ट्यांची खार. दक्षिणेकडे आणि सह्याद्रीच्या ओल्या जंगलात तीनच पट्ट्यांच्या खारी राहतात. इतकी वर्षं खारी बघतेय, पण ते खालचे दोन पट्टे माझ्या कधी नजरेत भरले नव्हते.

"मावशी, सगळ्यात मोठी खार कुठं असते?" त्याने विचारलं. लांब जायची गरजच नव्हती. आपल्याकडची थोराड खार म्हणजे शेकरू, आणि ते भीमाशंकरच्या जंगलात राहतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस

वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळची एसटी धरली. राजगुरुनगर, मंचर, मग घोडेगाव. मंचरपर्यंत रस्ता म्हणजे नुसती रहदारी, सांगण्यासारखं काही नाही. घोडेगाव सुटल्यावर डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि त्याच्या कडेने गाडी चढत जाते. एप्रिलमध्ये पाणी उतरलेलं, काठावरची माती पायऱ्यांसारखी उघडी पडलेली. डोंगर पिवळे पडलेले. भाचा म्हणाला, "इथं कुठं जंगल?" मलाही तेच वाटत होतं. मग अगदी शेवटच्या टप्प्यात, घाटमाथा आल्यावर, हिरवा रंग एकदम सुरू होतो. मधे पायरीच नाही. आत्ता उघडा डोंगर होता आणि आत्ता दोन्ही बाजूंनी झाडी रस्त्यावर वाकली.

आम्ही पोचलो ते भर दुपारी, आणि शेकरू बघायला ती सगळ्यात वाईट वेळ. देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी होती, दोन्ही बाजूंना दुकानं, बेलाची पानं, पेढे, स्पीकर. दर्शन घेतलं. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक इथे आहे, ती बघितली. मग दोन तास झाडांकडे माना वर करून हिंडलो. माकडं भरपूर दिसली. पर्यटकांच्या हातातल्या पिशव्यांवर टपलेली, धीट झालेली. शेकरू एकही नाही.

संध्याकाळी ज्यांच्या घरी उतरलो होतो ते मामा भेटले. महादेव कोळी समाजातले, पन्नाशी उलटलेले. याच जंगलात लहानाचे मोठे झाले आणि आता आलेल्या लोकांना वाट दाखवतात. घराच्या अंगणात हिरडा वाळत घातला होता, छोटा, सुरकुतलेला, काळपट. याला इकडे बाळहिरडा म्हणतात, पिकायच्या आत झाडावरून काढलेला. या भागातल्या कितीतरी घरांचा उन्हाळ्याचा पैसा त्यावर असतो. आम्ही दिवसभर काय केलं ते सांगितल्यावर मामा म्हणाले, "ताई, तुम्ही शेकरू शोधत हिंडला. आधी घर शोधायचं. माणूस काय सारखा रस्त्यावर दिसतो का?"

ऊन कलल्यावर ते आम्हाला गावामागच्या झाडीत घेऊन गेले. अंजनी, जांभूळ आणि पिसा, ही इथल्या सदाहरित रानाची मुख्य झाडं. अंजनी तेव्हा फुलली होती. खोडाला आणि काटक्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके, जणू कुणी नीळ शिंपडलीय. मामांनी बोट वर केलं. दोन झाडांचे शेंडे जिथे एकमेकांत शिरले होते तिथे फुटबॉलहून मोठा, पानांचा आणि काटक्यांचा गोळा होता. एकदा तो दिसला आणि मग डोळे बसले. पंचवीस-तीस पावलांत भाच्याने अशी सात घरटी मोजली.

"इतकी शेकरं?" तो ओरडला.

"न्हाई बाळा. एकाचीच चार-पाच असतात. एक झोपायला, एक पिल्लांना, एक आपलं असंच."

एक शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधून ठेवतं. वनखातं शेकरांची मोजणी करतं तेव्हा प्रत्यक्ष दिसलेल्या शेकरांबरोबर घरटीही मोजतं, आणि मोजणाऱ्याला ताजं घरटं कुठलं, सोडून दिलेलं कुठलं, हे कळावं लागतं. ताज्यात पानं हिरवी असतात, काटक्या दातांनी नुकत्या तोडलेल्या. जुन्यातून आभाळ दिसतं.

अंधार पडता पडता वरून आवाज आला. कक्-कक्-कक्, कक्-कक्-कक्, लाकडी खुळखुळा जोरात वाजवावा तसा. मामा थांबले. पानांत काहीतरी सरकलं, एक लांब झुपकेदार शेपटी फांदीवरून खाली लोंबली आणि दुसऱ्या क्षणी वर ओढली गेली. तेवढंच. रात्री हुलग्याची शेंगोळी खाताना भाचा त्या शेपटीखेरीज दुसरं काही बोलला नाही.

दुसरा दिवस

पहाटे साडेपाचला उठलो. देवळाकडून घंटेचा आवाज येत होता, गार वारा होता. ओढ्याच्या काठी एक मोठा उंबर फळांनी लगडलाय, असं मामांनी रात्रीच सांगून ठेवलं होतं. त्याच्यापासून थोडं लांब, एका खडकाला टेकून आम्ही बसलो. बोलायचं नाही, उठायचं नाही, एवढ्या दोन अटी.

आधी हरियाल आले. दहा-बारा असतील. हिरवे-पिवळे, पानांत असे मिसळलेले की हलले तरच दिसायचे. हरियाल आपला राज्यपक्षी आणि शेकरू राज्यप्राणी. दोघांनी न्याहारीला एकच झाड निवडलेलं बघून मला फार आनंद झाला. कारण ऊन शेंड्यावर टेकलं आणि त्याच वेळी ते आलं.

ते उंबरावर खालून चढून आलं नाही. शेजारच्या जांभळावरून फांदीवरून चालत आलं, आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं इतक्या सहज. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फूट तरी असेल. पाठ गडद तांबूस तपकिरी, उन्हात जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी चमकणारी. छाती आणि पोट बदामी पांढरं. शेपटी बुडाशी गडद, शेंड्याला फिकट. कान गोल, केसाळ. आमच्या खिडकीतली खार शंभरेक ग्रॅमची. हे दीड-दोन किलोचं. एकाच कुळातली, पण हिने माझी 'खार' या शब्दाची कल्पनाच बदलून टाकली.

ते खायला बसलं आणि पुढची चाळीस मिनिटं मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. फांदीवर ते आडवं बसतं. मागचे दोन पाय फांदीला घट्ट, पुढचं धड एका बाजूला खाली झुकलेलं आणि शेपटी दुसऱ्या बाजूला सरळ लोंबणारी. तराजूची दोन पारडी. धड जितकं पुढे वाकेल तितकी शेपटी मागे ताणली जाते. त्यामुळे पुढचे दोन्ही पंजे मोकळे राहतात. त्यांच्यात उंबर धरायचं, गोल गोल फिरवत दातांनी सोलायचं, आतला गर खायचा, उरलेलं टाकून द्यायचं. मधेच त्याला टोकाचं फळ हवं झालं तेव्हा ते मागच्या पायांवर उलटं लटकलं. डोकं थेट खाली, शरीर सरळ, आणि कुठेही घाई नाही. झाडावरच्या खारींचा मागचा पाय घोट्यातून असा वळतो की नख्या मागच्या दिशेला रुततात. म्हणून खार खोडावरून डोकं खाली करून उतरते. मांजराला ते जमत नाही.

उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं आपण म्हणतो. शेकरू ती केंबरं फळाबरोबर खाऊन टाकतं. फळं, बिया, फुलं, कोवळी पानं, साल हा त्याचा मुख्य आहार, आणि जोडीला कधी किडे, कधी पाखरांची अंडीसुद्धा. झाडाखाली अर्धवट उंबरांचा सडा पडला होता. मामा कानाशी येऊन म्हणाले की रात्री भेकर आणि साळिंदर तेच वेचायला येतात. भाच्याने एक अर्धं खाल्लेलं उंबर उचललं. त्यावर दोन-दोनच्या जोडीने दातांच्या खुणा होत्या, अरुंद पटाशीने तासावं तशा. पटाशीच ती. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. पुढच्या बाजूला कडक नारिंगी थर, मागच्या बाजूला मऊ भाग. मऊ भाग आधी झिजतो आणि धार आपोआप लागत जाते. कुरतडणं थांबलं तर दात वाढतच जातील आणि तोंड मिटणार नाही.

नऊच्या सुमाराला ऊन चढलं. शेकरू एका जाड फांदीवर पोट टेकून, चारही पाय दोन्ही बाजूंना सोडून पसरलं. मामा म्हणाले, "आता ते तीन-चार वाजेपर्यंत हलायचं न्हाई." काल भर दुपारी आम्ही काय शोधत होतो ते आता कळलं.

परतताना वाटेत खाली पडलेलं जुनं घरटं सापडलं. मामांनी ते तळहातांवर घेऊन हळूच उघडलं. बाहेर बोटाएवढ्या जाड काटक्या, एकमेकींत अडकवलेल्या. त्याच्या आत पानांचे थर, वाळून कागदासारखे झालेले. आणि अगदी मधोमध सालीचे बारीक बारीक धागे, विंचरलेल्या काथ्यासारखे. भाच्याने त्यात मूठ घातली. "मावशी, अजून ऊब आहे," तो म्हणाला. ऊब असणं शक्य नव्हतं, पण मीही हात घातला आणि मलाही तसंच वाटलं. मादी अशाच घरट्यात एका वेळी एक किंवा दोन पिल्लं वाढवते. घरटं मुद्दाम बारीक फांद्यांवर असतं, म्हणजे जड शिकारी तिथवर येऊ शकत नाही. गरुड मात्र वरून येतो, आणि त्यावर वरचा दाट पाला हाच उपाय.

दुपारी मामांच्या ओसरीवर बसून मी भाच्याला नावांची गोष्ट सांगितली. भीमाशंकरच्या या शेकराचं शास्त्रीय नाव 'रातुफा इंडिका एल्फिन्स्टनी'. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचं नाव त्याला १८३१ साली कर्नल विल्यम साईक्स यांनी दिलं. साईक्स यांनी दख्खन हिंडून इथल्या प्राण्यांची नोंद केली होती. शेकरू फक्त भारतात सापडतं. केरळच्या बाजूला त्याच्या पाठीवर चांगला काळा रंग येतो, आपल्याकडे उत्तर सह्याद्रीत तो येत नाही. थोराड खारींच्या आणखी दोन जाती देशात आहेत, एक तमिळनाडू-केरळात करडी आणि दुसरी ईशान्येला, काळी. मामा ऐकत होते. म्हणाले, "त्या सायबाच्या आधी बी हे शेकरूच होतं." खरंच आहे. माझ्या मते शेकरू हेच त्याचं नाव, आणि हे नाव सांभाळलं ते इथल्याच लोकांनी.

चार वाजता मामा आम्हाला एका वेगळ्या जागी घेऊन गेले. तिथे पोचेपर्यंत काही बोलले नाहीत. जंगलातून एक कच्चा रस्ता जात होता, अलीकडे रुंद केलेला. दोन्ही बाजूंना झाडी चांगली दाट, पण रस्त्यावर आभाळ मोकळं. "इथं वर कमान होती," मामा म्हणाले. "ह्या जांभळाची फांदी त्या आंब्यात गेली होती. तीच त्यांची वाट. गाड्यांना लागती म्हणून तोडली."

आम्ही बसून राहिलो. पाऊणएक तासाने अलीकडच्या बाजूने शेकरू आलं. कापलेल्या फांदीच्या अलीकडच्या फांदीवर, अगदी टोकापर्यंत. फांदी त्याच्या वजनाने खाली लवली. त्याने मान पुढे काढली, मागचे पाय जवळ घेतले, शेपटी एकदा झटकली. पलीकडच्या आंब्यावर कैऱ्या होत्या. भाच्याने माझं मनगट घट्ट धरलं. शेकरू वीस फुटांपर्यंत झेप घेतं. सकाळीच आम्ही एकाला झाडावरून झाडावर जाताना बघून खालचं अंतर पावलांनी मोजलं होतं, पंधरा फूट भरलं. इथे रस्त्याची रुंदी धरून तीस तरी होतं. ते मागे सरलं. पुन्हा टोकाला आलं, पुन्हा अंदाज घेतला, पुन्हा मागे सरलं. तिसऱ्या वेळी वळलं आणि आल्या वाटेने निघून गेलं.

मला ते बघवलं नाही. जमिनीवर उतरून पाच सेकंदांत रस्ता ओलांडता आला असता, असं आपल्याला वाटतं. पण शेकरू जमिनीवर जवळपास उतरत नाहीच. त्याचं सगळं शरीर वरच्या रस्त्यांसाठी घडलंय, जमिनीवर ते सावजच. कुत्रं, बिबट्या, गाडी, कुणाच्याही तावडीत सापडेल. भीमाशंकर अभयारण्य झालं १९८५ साली, त्यात शेकराचा मोठा वाटा आहे. साधारण १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत. पण शेकराला चौरस किलोमीटर कळत नाहीत. त्याला फांदीला फांदी लागलेली लागते. नकाशावर जंगल तेवढंच राहील, एकही झाड मुळापासून पडणार नाही, आणि एक फांदी कापल्याने शेकराच्या लेखी त्याचे दोन तुकडे होतील. मी इतकी वर्षं जंगल म्हणजे झाडं मोजत आले. त्या संध्याकाळपासून झाडांमधली फट बघायला लागले.

मामांनी वनखात्याच्या माणसांना ही जागा दाखवली आहे. वर आडवा जाड दोर बांधला तर त्यावरून प्राणी जातात असं त्यांनी कुठेतरी बघितलंय, आणि तो इथे बांधावा असा त्यांचा आग्रह आहे. तोवर जांभळाला नवा फुटवा आलाय, तो कुणी तोडू नये म्हणून जाता-येता लक्ष ठेवतात.

तिसरा दिवस

परत एसटीने न जाता कोकणात उतरायचं ठरलं होतं. शिडी घाट लहान मुलाबरोबर नको, म्हणून गणेश घाट. सकाळी सहाला निघालो. मामा घाटाच्या तोंडापर्यंत आले. वहिनींनी नाचणीची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, भाच्याच्या खिशात मूठभर बाळहिरडा कोंबला.

घाटमाथ्यावरून थोडं उतरेपर्यंत डोक्यावर झाडी होती आणि आवाज येत होते. भाचा पुढे, मान वर, त्यामुळे दोनदा ठेचकाळला. "मावशी, घरटं. मावशी, अजून एक." पदरगड उजेडात यायला लागला तशी झाडं विरळ झाली. एका ऐनाच्या झाडावर, तेही वेलीने शेजारच्या झाडाशी बांधलं गेलं होतं म्हणून, शेवटचं घरटं दिसलं. त्याच्या खाली उघडा उतार, वाळलेलं गवत. पुढचं झाड शंभर पावलांवर. भाचा तिथे थांबला आणि परत मागे चढून त्या झाडापर्यंत गेला. वरून कुठून कुठवर फांद्या लागतात ते त्याला बघायचं होतं. मी पाणी पीत बसले, त्याला घाई केली नाही.

ऊन तापल्यावर उतरणं जिवावर आलं. पाणी संपलं, गणपतीच्या देवळापाशी सावलीत अर्धा तास पडलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, एप्रिलमध्ये हा घाट उतरणाऱ्याने माणशी तीन लिटर पाणी घ्यावं एवढं पुरे.

खांडसला पोचलो तेव्हा एक वाजला होता. एका घराच्या कुडाच्या भिंतीवर छोटी खार चिप-चिप-चिप करत शेपटी उडवत होती, खाली मांजर होतं. भाचा दबकत जवळ गेला, मान तिरकी करून कुशीकडे बघितलं. "तीन," तो म्हणाला. "बाजूचे नाहीत. ही रानातली आहे."

कशेळ्याला जाणारी वडाप मिळाली. आम्ही मागच्या सीटवर, पाय आखडून. मला डुलकी लागत होती. भाचा खिडकीशी बसला होता आणि रस्त्याकडेची झाडं मागे पडत होती तसा स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. कान दिला तेव्हा कळलं. दोन झाडं आली की तो म्हणायचा, "नाही जाणार." पुढची दोन. "नाही जाणार." मग बराच वेळ काही नाही, नुसती शेतं. एका वळणावर जुने आंबे होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे, वर एकमेकांत गुंतलेले. त्यांच्या सावलीतून गाडी गेली तेव्हा त्याने मला कोपराने हलवून जागं केलं.

"मावशी, इथून जाईल."